कोरडा गारवा

नागपूरकराला गारवा म्हटलं की आधी पाणी आठवतं. अंगणात सडा, माठाला ओलं फडकं, डोक्याला भिजवलेला दुपट्टा आणि खिडकीत घरघरणारा कूलर. कोरड्या वस्तूतून थंडावा मिळतो असं तिथं कुणी म्हणालं, तर लोक त्याला सावलीत बसवून कांद्याचा रस देतील. ऊन लागलंय बिचाऱ्याला.

त्यामुळे शहरातल्या सायकलमार्गांवर खांब उभे राहिले आणि त्यांच्यावर पांढरं कापड ताणलं गेलं, तेव्हा पहिला उन्हाळाभर कुणाचा विश्वासच बसेना. वीज नाही, पंखा नाही, पाण्याचा थेंब नाही, आणि मे महिन्याच्या दुपारी त्या कापडाखालून माणसं सायकली चालवतायत. लोक सायकल थांबवून हात वर करून कापड चाचपत. कुठंतरी नळी लपवलेली असणार याची त्यांना खात्री होती.

नळी नव्हती. युक्ती तशी साधी होती. कापडाच्या धाग्यांत काचेचे अतिसूक्ष्म मणी होते आणि ते दोन कामं करत. अंगावर पडणाऱ्या उन्हाचे शंभरातले शहाण्णव भाग ते आल्या वाटेनं परत पाठवत. शिवाय कापडाजवळ जी उष्णता जमे, ती अशा अवरक्त किरणांच्या रूपात बाहेर टाकत की ज्यांना हवा अडवत नाही. हवा म्हणजे पृथ्वीनं पांघरलेली गोधडी. पण त्या गोधडीला एक खिडकी आहे. आठ ते तेरा मायक्रॉन लांबीच्या लहरी त्या खिडकीतून थेट अंतराळात निघून जातात, आणि अंतराळ इतकं थंड की कितीही उष्णता दिली तरी ते पोटात घालतं. हवेत वाफ असली की खिडकी धुरकट होते, म्हणून समुद्राकाठच्या शहरांना या कापडाचा उपयोग बेताचाच. नागपूरची मे महिन्यातली हवा भाजलेल्या पापडासारखी कोरडी. तिथं खिडकी सताड उघडी. भर दुपारी कापड आजूबाजूच्या हवेपेक्षाही गार राही. खालची हवा फारशी उतरत नसे, पण वरून अंगावर पडणारी धग जाई, डांबर तापत नसे, आणि सायकलवाल्याला तेवढं पुरत होतं.

त्याआधी शहरात सायकलमार्ग नव्हते असं नाही. रंगवलेले होते. फेब्रुवारीपर्यंत त्यांच्यावरून सायकली जात आणि मार्चपासून तिथं मोटारी उभ्या राहत. उन्हाळ्यात माणूस कोपऱ्यावरच्या दुकानातसुद्धा एसी लावून मोटारीनं जाई. त्या मोटारी रस्ता तापवत, आणि रस्ता तापला म्हणून आणखी माणसं मोटारी काढत. कापडानं हे चक्र मोडलं. तिसऱ्या उन्हाळ्यापर्यंत गांधीबागेतून सीताबर्डीला जाणाऱ्या रस्त्याची निम्मी रुंदी सायकलींकडे आली, मोटारींना एकच पदर उरला, आणि भर बाजारात सायकलच्या घंट्या ऐकू येऊ लागल्या.

या मार्गाची जबाबदारी शहर सायकल मंडळातल्या प्रणाली हेडाऊ या अभियंता बाईकडे होती. वय चौतिशीचं, बोलणं मोजकं, आणि कामाच्या बाबतीत नाकावर माशी बसू न देणारी. तिनं या कापडासाठी शहरभर सभा घेतल्या होत्या. शाळांत जाऊन पोरांना समजावलं, व्यापाऱ्यांपुढे आकडे मांडले, मंत्र्यांना खांबाखाली उभं करून गारवा दाखवला. एकाच ठिकाणी ती गेली नव्हती, ते म्हणजे स्वतःच्या बापाचं दुकान.

देवरावजी हेडाऊंचं दुकान याच रस्त्यावर होतं. कूलर आणि खसच्या ताट्या. वाळ्याच्या मुळ्या बांबूच्या चौकटीत विणायच्या, दाराला लावायच्या, त्यांच्यावर पाणी मारायचं. मग बाहेरची झळ आत येताना गार आणि सुगंधी होऊन येते. आजोबांपासूनचा धंदा. गिऱ्हाईक मोटार दारात लावायचं, कूलर डिकीत टाकायचं आणि जायचं. सायकलमार्ग आला आणि दारातली ती जागा गेली. आपल्या दारातला रस्ता आपल्याच पोरीनं खाल्ला, असं देवरावजी बाजारात बोलले. ते तिच्या कानावर आलं. तिनंही कुणाला तरी सांगितलं की ज्यांना गंजलेले कूलर विकायचेत त्यांना शहर तापलेलंच बरं. ते त्यांच्या कानावर गेलं. झालं. दोन उन्हाळे बाप-लेक एकमेकांशी बोलले नाहीत. प्रणाली वेगळी राहायला गेली, आणि आई दोघांमधली पोस्टमन झाली. देवरावजी त्या कापडाला पाण्यात पाहतात, असं सगळा बाजार म्हणायचा.

मोटारवाल्यांची समजूत काढताना मंडळानं एक अट मान्य केली होती. रोहिणी नक्षत्रातले मेअखेरचे नऊ दिवस, ज्यांना तिकडं नवतपा म्हणतात, ते उन्हाळ्यातले सगळ्यात कडक. त्या नऊ दिवसांत एखाद्या मार्गावरच्या सायकली एरवीच्या निम्म्याखाली गेल्या, तर तिथलं कापड उतरवायचं आणि रस्ता मोटारींना परत द्यायचा. कबूल करताना प्रणालीला ही अट किरकोळ वाटली होती. चौथ्या उन्हाळ्यात तिची झोप उडाली ती याच अटीनं.

प्रत्येक खांबावर उष्णता मोजणारं यंत्र होतं आणि त्याचे आकडे तिच्या फोनवर येत. एप्रिल संपता संपता मार्गाच्या मधोमध काही खांब तापू लागले. नवतपा लागायच्या आठवड्यात तर तिथलं कापड हवेपेक्षा गरम झालं. दोन्ही बाजूंना गारवा आणि मध्ये भट्टी. सायकलवाल्याचा हिशेब सरळ असतो; वाटेत एक जरी चटका बसला तरी तो दुसऱ्या दिवशी त्या वाटेला जात नाही. सायकली भराभर घटू लागल्या.

नकाशावर पाहिलं तर ते खांब बरोबर देवरावजींच्या दुकानासमोर होते, आणि तिथून दोन्हीकडे पसरत चालले होते. प्रणालीच्या मनात जे आलं त्याची तिला लाज वाटली, पण ते गेलं नाही. बापानं डाव साधला, असंच तिला वाटलं.

नवतप्याच्या दुसऱ्या दुपारी, बाजार अर्धी दारं लोटून पेंगत असताना, ती सायकल काढून एकटीच तिकडं गेली. आपल्या दुकानापुढच्या खांबाशी देवरावजी स्टुलावर उभे होते. पाठीवर फवारणीचा पंप, डोक्याला ओला दुपट्टा, सदरा घामानं आणि पाण्यानं चिंब. मान वर करून ते कापडावर खालून-वरून पाणी मारत होते, देवाला अंघोळ घालावी तितक्या निगुतीनं. खालून जाणारा एक सायकलवाला अंगावर तुषार पडताच खूश होऊन हात हलवून गेला. पुढच्या भांड्यांच्या दुकानातला माणूसही नळी घेऊन तेच करत होता, आणि त्याच्या पलीकडचा किराणावालाही.

लेकीला पाहून देवरावजी जरा गडबडले. दोन वर्षांनी काय बोलायचं हे त्यांनी ठरवून ठेवलेलं नसावं.

"थांब जराशी," ते म्हणाले. "हे टोक राहिलं."

टोक भिजवून ते खाली उतरले. प्रणालीनं विचारलं, "कधीपासून पाणी मारून राहिले बाबा?"

"अक्षय तृतीयेपासून. रोज दुपारी." मग कापडाकडेच बघत ते म्हणाले, "कोरडं पडलं होतं बाई तुझं कापड. लोकं म्हणून राहिले होते, देवरावच्या पोरीचं कापड यंदा गार नाही लागत. मले ते ऐकवलं नाही."

एका क्षणात प्रणालीला सगळं समजलं. मार्चमधल्या धुळीनं कापडाचा गारवा थोडा उतरला असणार. पहिल्या पावसात ती धूळ आपसूक धुऊन निघाली असती. पण देवरावजींनी त्याच्यावर बोअरचं जड पाणी मारलं. पाणी उडून जाताना पाव घटका गार वाटलं, म्हणून त्यांची खात्री पटली. पाणी गेलं, पण त्यातला क्षार राहिला आणि धुळीला धरून बसला. कूलरच्या गवतावर जो पांढरा-मळकट थर चढतो, तोच. त्या थरानं उन्हाचे शंभरातले चारऐवजी पंधरा भाग आत घेतले, आणि खिडकीतून जेवढी उष्णता बाहेर टाकता येत होती त्याहून जास्त आत येऊ लागली. कापड तापलं. कापड तापलं म्हणून त्यांनी आणखी पाणी मारलं. शेजाऱ्यांनी पाहिलं आणि तेही लागले.

मंडळानं खांबाखांबावर पाट्या लावल्या होत्या. ओढू नका, जाळू नका, जाहिराती चिकटवू नका. पाणी मारू नका, असं कुठंच लिहिलेलं नव्हतं. कापड बनवणारे लांबच्या शहरातले, त्यांना हे सुचणं शक्यच नव्हतं. सुचायला हवं होतं ते खसवाल्याच्या लेकीला. जिथं गारव्याला पाणी घालतात त्या गावात आपण कोरडा गारवा आणून बसवला आणि हे आपल्याला सुचलं नाही, याचं तिला तिथं उभ्या उभ्या रडू आलं. देवरावजींना ते वेगळंच वाटलं. ते खुशीत आत गेले आणि तिच्यासाठी पन्हं घेऊन आले. तिनं ते प्यायलं, बरं लागलं म्हणाली, आणि काहीच न सांगता निघून आली. सांगायची छातीच झाली नाही.

कार्यालयात अधीक्षक अभियंता पिंपळापुरे साहेब वाट पाहत होते. माणूस भला, पण पावसाळ्यात निवृत्त होणार होता आणि जाता जाता त्याला भानगड नको होती. त्यांनी परिस्थिती तिच्यापुढे स्वच्छ मांडली. हा घातपात आहे असं लिहून दिलं तर विम्यातून दोन दिवसांत नवं कापड येईल आणि मार्ग वाचेल. मात्र दुकानदारांवर पोलिसात तक्रार करावी लागेल. लोकांनी अजाणता केलं असं लिहिलं, तर नवं कापड नाही. आहे तेच उतरवायचं, धुवायचं आणि परत लावायचं. त्याला तीन दिवस, तेही ऐन नवतप्यात, आणि तेवढा वेळ मधला रस्ता उघडा. मग सायकली निम्म्याखाली जाणार हे सांगायला ज्योतिषी नको.

कुणी केलं ते कळलं का, असं त्यांनी विचारलं. कळलंय, उद्या सांगते, एवढंच ती म्हणाली. आपलेच दात आणि आपलेच ओठ. साहेबांनी हेडाऊ हे नाव दुकानाच्या पाटीवर वाचलेलं असावं, कारण त्यांनी पुढे विचारलं नाही.

त्या संध्याकाळी दिवेलागणीला प्रणाली माहेरी गेली. आईला वाटलं समेट झाला. तिनं घाईघाईनं तवा चढवला. देवरावजी दारापुढच्या खाटेवर बसले होते. प्रणाली त्यांच्यापुढे जमिनीवर बसली आणि तिनं सांगायला सुरुवात केली. उन्हाचे शंभर भाग, काचेचे मणी, हवेची गोधडी आणि तिची खिडकी. पूर्वी शंभर सभांमध्ये सांगितलं होतं तेच. मग पाण्याबद्दल सांगितलं. बोअरच्या पाण्यातला क्षार, गवतावरचा थर. शेवटी, कापड तुमच्या पाण्यानं तापलं बाबा, हे वाक्य तिनं कसंबसं पुरं केलं.

देवरावजींनी आपल्या हातांकडे पाहिलं. आयुष्यभर पाणी मारून त्या हातांची कातडी सुरकुतली होती.

"मले हे आधी काऊन नाही सांगतलं?" त्यांनी विचारलं.

"तुम्ही ऐकलं नसतं, बाबा."

"नसतंच ऐकलं," देवरावजी म्हणाले. "पण सांगाले तं पाहिजे होतं."

सगळ्या शहराला उजेड दाखवून घरात अंधार ठेवणारी आपणच, हे प्रणालीला लख्ख दिसत होतं. चुकलं, असं ती म्हणाली. बापाच्या पुढ्यात हा शब्द ती लहानपणानंतर पहिल्यांदाच उच्चारत होती.

मग तिनं घातपाताची गोष्टही सांगितली, काही न लपवता. देवरावजींनी ती ऐकली आणि फार विचार केला नाही. माझं नाव दे, म्हणाले. पोलीस चार गोष्टी विचारतील, मी म्हणीन, केलं बाप्पा रागाच्या भरात. तुझा रस्ता वाचते. सगळ्या बाजाराला तसंही तेच वाटते.

"नाही लिहिणार," प्रणाली म्हणाली. "रस्ता गेला तरी चालेल. तुम्ही माझं वाईट केलं, असं माझ्या हातानं मी कागदावर नाही लिहिणार."

रस्ता गेला तरी चालेल, हे तिनं म्हटलं खरं, पण चालणार नव्हतं हे दोघांनाही माहीत होतं. आई ताटं घेऊन बाहेर आली. जेवताना देवरावजींनी एकच गोष्ट विचारली, की कापड उतरवलेलं असताना तिथं पाणी मारलं तर चालते का. प्रणालीनं डोळे पुसत सांगितलं की कापडच नसेल तर पाण्यानं काहीच बिघडत नाही.

दुसऱ्या दिवशी तिनं अहवालात खरं ते लिहिलं आणि बापाचं नाव घालून लिहिलं. लोकांनी कापडाचं भलं करायला पाणी मारलं. तसं करू नये हे मंडळानं कुणालाच सांगितलेलं नव्हतं. आणि मंडळाच्या वतीनं सांगायचं काम माझं होतं. पिंपळापुरे साहेबांनी तो दोनदा वाचला, चष्मा काढून पुसला आणि सही केली. दुपारच्या आत माणसं शिड्या घेऊन आली आणि दुकानांसमोरचं मधलं कापड उतरलं. वर्षानुवर्षं सावलीला सोकावलेल्या डांबरावर ऊन धाडकन पडलं.

ते उतरत असतानाच देवरावजींनी दुकानाचं कोठार उघडलं. विकल्या न गेलेल्या खसच्या ताट्या तिथं छतापर्यंत रचलेल्या होत्या. भांडेवाला, किराणावाला आणि त्यांचे नोकर यांच्या हातानं त्यांनी त्या खांबाखांबाला बांधल्या, पश्चिमेकडून झळा येतात त्या बाजूला, एकीला एक लावून. मग सगळ्यांनी पंप आणि नळ्या घेतल्या. त्या तीन दिवसांत पाण्याला मोकळीक होती. तापलेला वारा ओल्या मुळ्यांतून गाळून रस्त्यावर येत होता, आणि डोक्यावर ऊन असलं तरी कुशीला गारवा लागत होता. बाजारभर वाळ्याचा वास पसरला. जुनी माणसं मुद्दाम त्या वाटेनं जाऊन आली. पोरींनी दुपट्टे त्या ताट्यांना घासून ओले करून घेतले. देवरावजींचा घसा ओरडून बसला होता, तरी पंप त्यांनी कुणाला दिला नाही.

आकडे प्रणालीनं नवतप्याच्या शेवटच्या संध्याकाळपर्यंत पाहिलेच नाहीत. सायकली घटल्या होत्या, चांगल्याच घटल्या होत्या, पण निम्म्याखाली गेल्या नव्हत्या. मोटारवाल्यांच्या प्रतिनिधीनं कुरकुर केली, ताट्या नियमात बसत नाहीत म्हणाला. ताट्यांना बंदी करणारा नियम कुठं आहे, असं पिंपळापुरे साहेबांनी त्याला विचारलं. तसा नियम नव्हताच. रस्ता राहिला.

धुतलेलं कापड परत चढल्यावर चार दिवसांनी प्रणाली कामावर निघाली होती. दुकानासमोर एक परगावचा तरुण सायकल थांबवून वर पाहत होता. हात उंचावून त्यानं कापड चाचपलं आणि दारात बसलेल्या देवरावजींना विचारलं, की काका, यात पाणी कुठून येतं. देवरावजी लगेच उठले. त्यांनी त्याला खांबाखाली उभं केलं आणि समजावायला घेतलं. हवेची एक गोधडी असते, म्हणाले, आणि त्या गोधडीले वर खिडकी आहे. आठ ते तेरा किलोमीटरवर. हे कापड सगळी गरमी त्या खिडकीतून बाहेर फेकते. पाणी अजिबात लागत नाही. उलट पाणी मारलं की नास होते.

प्रणालीनं ब्रेक लावला. मायक्रॉन, बाबा, किलोमीटर नाही. शब्द तिच्या ओठांवर आले होते. मंत्र्यानं चुकीचा आकडा सांगितला तरी भर सभेत दुरुस्त करणारी ती बाई.

तरुणाला ते काही पटेना. हे तुम्हाला कोणी सांगितलं, असं त्यानं विचारलं.

"माझ्या पोरीनं," देवरावजी म्हणाले. "सोता घरी येऊन, बसून सांगतलं मले."

प्रणालीनं घंटी वाजवली नाही. देवरावजींची पाठ तिच्याकडे होती, आणि ते त्या तरुणाला पुन्हा पहिल्यापासून गोधडीचं सांगू लागले होते. ती त्यांच्या मागून हळूच पुढे गेली.